एसीच्या आधी पत्र्याचं बोला

मुंबईचा उकाडा आणि विजेवरच्या तुमच्या लेखातला "एसी कमी वापरा, कोळसा कमी जळेल" हा सल्ला श्रीमंत मलबार हिलला द्या. गोवंडी-मानखुर्दच्या पत्र्याच्या खोलीत एसी नसतोच. एक पंखा असतो, तोही गरम हवाच फिरवतो. दिवसभर तापलेला पत्रा रात्री उशिरापर्यंत आत उष्णता सोडत राहतो, माणसं जिन्यात झोपतात. आणि कागदोपत्री ही उष्णतेची लाट नसतेच! हवामान खात्याच्या निकषाप्रमाणे किनाऱ्यावर पारा किमान ३७ अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश वर हवा. आमच्या दमट हवेत ३५ अंशांतही घाम वाळत नाही, मग शरीर थंड होणार कसं? एप्रिल २०२३ मध्ये खारघरला उन्हात बसून कार्यक्रम पाहणारे १४ जण गेले, तरी आपण अजून पाराच मोजतोय.

बरं, कोळसा काही लांब कुठे जळत नाही. ट्रॉम्बेचं औष्णिक केंद्र चेंबूरच्या उशाला, माहुलच्या रिफायनऱ्या शेजारी. उपनगरांसाठी डहाणूचं ५०० मेगावॉटचं केंद्र. धूर कोणाच्या नाकात आणि गारवा कोणाच्या बेडरूममध्ये, हे लेखात यायला हवं होतं.

सौरऊर्जेबद्दल लेखक जरा जास्तच उत्साही वाटले. उकाड्यात रात्रीही मागणी उतरत नाही, तेव्हा सूर्य नसतो. स्वस्त विजेने पाणी वर चढवून गरजेच्या वेळी वीज काढणारा घाटघरसारखा प्रकल्प राज्यात आहे, पण २५० मेगावॉटचाच. त्यावर एक ओळ नाही. आणि पत्रे कमी तापावेत म्हणून त्यांना पांढरा रंग द्यायला पालिकेला कोणत्या हवामान परिषदेची वाट बघायची आहे?