‘कापडाची होडी म्हणजे जिवाशी खेळ’ : काकांच्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर मला चार जणांनी पाठवला. आधी इंदूरच्या रामबागेतल्या सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर एका काकांनी टाकला, मग मावसभावाने, मग पुण्याच्या आत्याने. शेवटी ज्याच्याकडून मी लाकूड चिरून घेतलं होतं त्या सुतारानेच ‘भिया, ये देख लो’ म्हणून पाठवला. मजकूर थोडक्यात असा : घरी बनवलेली कापडी कयाक (वल्ह्याने चालवायची लांबट, अरुंद होडी) काटा लागला की फाटते, प्लॅस्टिकची अतूट असते. कापडी होडीत पाणी शिरलं की ती दगडासारखी तळाला जाते, प्लॅस्टिक बुडूच शकत नाही. घरी सगळं अंदाजाने, कारखान्यात सगळं मापात. प्लॅस्टिकला देखभाल शून्य. आणि एवढं सगळं स्वस्तात. खाली तीन जोडलेले हात आणि ‘जनहितार्थ’.

काका वडिलांचे मित्र, त्यामुळे ग्रुपवर ‘हे चूक आहे’ असं लिहिणं जमलं नाही. इथे लिहितो. अशी एक होडी मी दोन हिवाळे खर्चून गच्चीवर बांधली आहे, तेव्हा साक्षीदार पक्षपाती आहे हे धरूनच वाचा.

आधी वस्तू काय आहे ते सांगतो, कारण मजकूर लिहिणाऱ्याने ती पाहिलेली दिसत नाही. आत लाकडाचा सांगाडा : काठाच्या दोन लांब पट्ट्या, त्यांना जोडणारे आडवे तुकडे, तळाला कणा, आणि कण्याला मिठी मारून बसलेल्या वाकवलेल्या कामट्या. मी पीथमपूरच्या कारखान्यांत यंत्रं ज्या खोक्यांतून येतात त्या खोक्यांचं पाइन वापरलं, गाठी नसलेले तुकडे निवडून आणि तिरके सांधे देऊन. कामट्या बांबूच्या. लाकडी पेटीत आईच्या कुकरची वाफ सोडून त्या मऊ केल्या आणि गार व्हायच्या आत वाकवल्या. (कुकरची शिट्टी अजून माझ्या नावावर आहे.) खिळा बहुतेक कुठेच नाही. खाच, कुसू आणि दोऱ्याची बांधणी. मग या सांगाड्यावर जाड नायलॉन ताणायचं, वरच्या बाजूने दाभण आणि मेणदोऱ्याने शिवायचं आणि पॉलियुरेथेन या पाणी अडवणाऱ्या लेपाचे हात द्यायचे.

आता मुद्दे.

‘काटा लागला की फाटते.’ उरलेला तुकडा मी एका चौकटीवर ताणला, लेप दिला, आठवडाभर वाळवला आणि हातोडीने हाणला. हातोडी उसळून माझ्याच गुडघ्याकडे आली. तुकड्यावर ओरखडाही नाही. नंतर पटाशीची धार टेकवून जरा दाबली, तर चर्रकन चीर. म्हणजे ठोसा आणि धार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नायलॉनचंच पॅराशूट होतं आणि गिर्यारोहणाचा दोरही होतो. ते ताण सोसतं, कापलं जाणं सोसत नाही. पाण्यातला गोल दगड, बुडालेलं खोड, वाळूचा काठ हे सगळे ठोसे. कापड आत दबतं, बांधणीचा सांगाडा थोडा हलतो आणि होडी सरकून पुढे जाते. पण जुन्या घाटातून वर आलेली लोखंडी सळई किंवा फुटलेली बाटली असेल, तर काका बरोबर आणि मी चूक. तिथे प्लॅस्टिकच्या होडीच्या जाड पॉलिएथिलीनवर नुसती खोल रेघ पडेल, माझ्या होडीत पाणी येईल.

पण त्यानंतर काय होतं हे मजकुरात नाही. माझी चीर काठावर बसून, पुसून, चिकटपट्टी लावून तात्पुरती बंद होते. घरी आल्यावर ठिगळ, टाके, लेप. प्लॅस्टिकची होडी क्वचित तडकते, पण तडकली की फेविकॉल, एम-सील, काहीही लावा, पॉलिएथिलीनवर टिकत नाही. घरातल्या बादलीला तडा गेल्यावर हा अनुभव सगळ्यांनी घेतला असेल. पूर्वी गल्लीत बादल्या सांधणारा यायचा, तो तापलेली पट्टी फिरवून प्लॅस्टिकच प्लॅस्टिकमध्ये वितळवायचा, ते याच कारणाने. होडीलाही तेच लागतं : त्याच जातीच्या प्लॅस्टिकची कांडी, गरम हवा आणि सराव असलेला हात.

‘प्लॅस्टिक बुडूच शकत नाही.’ या मुद्द्यावर जरा थांबतो, कारण यावर विसंबून कुणी तरी लाइफ जॅकेट घरी ठेवेल. होडी तरंगते ती आतल्या हवेमुळे, हे दोन्हींना सारखंच लागू. प्रश्न आहे उलटून पाणी भरल्यावरचा. पॉलिएथिलीनची घनता साधारण 0.95, म्हणजे पाण्यापेक्षा जेमतेम हलकी. 25 किलोची होडी पूर्ण बुडाल्यावर 26 लिटरच्या आसपास पाणी बाजूला सारते. म्हणजे तिची स्वतःची वर उचलण्याची ताकद किलो-सव्वा किलो. भरलेली पाण्याची बाटली ठेवली की संपली. आता माझा सांगाडा घ्या. पाइनची घनता 0.5 च्या घरात. दहा किलो लाकूड वीस लिटर पाणी सारतं, म्हणजे दहा किलोचा उचल. नायलॉन आणि लेप पाण्यापेक्षा किंचित जड, ते त्यातून थोडं वजा करा. तरी हिशेब फॉरवर्डच्या नेमका उलटा येतो.

म्हणून माझी होडी सुरक्षित असं मात्र नाही. पाणी भरलेली कुठलीही कयाक माणसाला घेऊन चालत नाही. तिच्या दोन्ही टोकांत हवेच्या पिशव्या कोंबाव्याच लागतात. माझ्यात आहेत. प्लॅस्टिकच्या चांगल्या होड्यांत आडव्या भिंती घालून बंद कप्पे केलेले असतात, आणि वर उघडं बसायचं असतं त्या जातीची होडी तर पूर्ण बंद पोकळ डबा असते. ती खरंच बुडवणं कठीण, हा गुण तिला द्यायलाच हवा. पण तो गुण बंद हवेचा आहे. त्या डब्याचं झाकण नीट लागलं नसेल, तर प्लॅस्टिक तुम्हाला वाचवायला येत नाही.

‘घरी सगळं अंदाजाने.’ इथे मला हसू आलं. ग्रीनलंडच्या इनुइट लोकांची मापं आपल्या आजीला कळतील अशी आहेत : लांबी साधारण तीन वाव (वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावरचं अंतर), बसायच्या जागी रुंदी कमरेइतकी आणि वर दोन मुठी, खोली एक मूठ आणि उभा अंगठा. वाव, मूठ, अंगठा, आणि तीही ज्याला बसायचंय त्याचीच. झाडं नसलेल्या किनाऱ्यावर वाहून आलेलं लाकूड आणि सीलचं कातडं यांतून ते ही होडी करत, आणि गारठलेल्या समुद्रात तीतून शिकारीला जात. चूक झाली तर माणूस परत येत नसे. याला अंदाजपंचे म्हणायचं तर शिंप्याकडे कपडे टाकणंही बंद करा. कारखान्यात मात्र भुकटी तापत्या साच्यात घालून साचा फिरवतात, आतून सारखा थर बसतो आणि प्रत्येक होडी पहिलीसारखीच निघते. यात अचूकता आहेच. पण ती साच्याच्या मापाची अचूकता, तुमच्या मापाची नाही. बुटक्या, सडपातळ बाईला आणि सहा फुटी माणसाला एकच साचा.

याच मुद्द्यात ‘जुनाट’ हा शब्द घुसवला आहे. ऑस्कर श्पेक नावाचा जर्मन माणूस 1932 मध्ये डॅन्यूब नदीत उतरला आणि 1939 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोचला. वाटेत आपल्या पश्चिम किनाऱ्याला लागून तो खाली गेला. हानेस लिंडेमान 1956 मध्ये 72 दिवसांत अटलांटिक पार झाला. दोघांच्या होड्या घडीच्या : आत लाकडी सांगाडा, वर कापड-रबराची कातडी. त्या घरी केलेल्या नव्हत्या, कारखान्यातल्याच होत्या, आणि श्पेकला वाटेत नव्या होड्या घ्याव्या लागल्या. दोन्ही गोष्टी मान्य. पण मग भांडण ‘घर विरुद्ध कारखाना’ आहे की ‘कातडी विरुद्ध प्लॅस्टिक’, हे फॉरवर्डवाल्याने आधी ठरवावं.

एवढं लांब जायचीही गरज नाही. हंपीला गेलेल्यांनी तुंगभद्रेतल्या गोल टोपल्या पाहिल्या असतील, कन्नडमध्ये त्यांना हरिगोलु म्हणतात. 1520 च्या सुमारास विजयनगरला आलेल्या डोमिंगो पाएस या पोर्तुगीजाने त्यांचं वर्णन करून ठेवलंय : आतून वेत, बाहेरून कातडं. आज कातड्याच्या जागी प्लॅस्टिकची ताडपत्री आणि डांबर आलंय, बाकी गोष्ट तीच. माझी होडी तिची लांबट चुलत बहीण.

‘देखभाल शून्य.’ इथे मी हातचं न राखता सांगतो : माझ्या बाजूची सगळ्यात लंगडी जागा हीच. पहिला लेप मी जुलैत दिला. ती घोडचूक होती. पावसाळी हवेत नायलॉन ओल शोषून सैल पडलं, लेप तीन आठवडे चिकट राहिला आणि त्यावर इंदूरच्या समस्त पाखरांनी हजेरी लावली. सगळं खरवडून दिवाळीनंतर पुन्हा. पुढच्या वर्षी उंदराने मागच्या टोकाला, नेमकी शिवण जिथे संपते तिथे, रुपयाएवढं भोक पाडलं.  आता होडी छताला टांगलेली असते आणि दर दिवाळीला शिवण तपासली जाते.

पण ‘शून्य’ नाहीच. मे महिन्यात पत्र्यावर किंवा गाडीच्या कॅरियरवर आवळून बांधलेली प्लॅस्टिक होडी उन्हात मऊ पडते आणि आधाराच्या जागी खड्डा बसतो. कधी तो भरून येतो, कधी तसाच राहतो आणि होडी एका अंगाला ओढू लागते. ऊन दोन्हींना खातं. प्लॅस्टिकमध्ये त्यावर औषध मिसळलेलं असतं, पण तेही कायमचं नाही. दोघींना सावली हवी.

वजनाबद्दल फॉरवर्डमध्ये एक शब्द नाही, आणि माझ्या लेखी खरी गोष्ट तीच. माझी होडी रद्दीवाल्याच्या काट्यावर चौदा किलो भरली. तेवढ्या लांबीची प्लॅस्टिकची समुद्री कयाक 25 ते 30 किलोची असते. पाण्यात हा फरक थोडाच जाणवतो, कारण त्यात सत्तर-पंचाहत्तर किलोचे आपण बसलेलो असतो. वेग वजनापेक्षा लांबी आणि आकारावर ठरतो. फरक आहे तो जमिनीवर. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि साडेचार मीटरची वस्तू आमच्या जिन्यात वळत नाही. म्हणून रविवारी पहाटे मी ती गच्चीवरून दोन दोरांनी खाली सोडतो, खाली भाचा उभा असतो, आणि समोरच्या गॅलरीतल्या वहिनी दर वेळी चहाचा कप हातात धरून पूर्ण कार्यक्रम पाहतात. चोरलच्या धरणावर गाडीपासून पाण्यापर्यंत ती एका खांद्यावर जाते. दुप्पट वजनाची होडी मी पहिल्या महिन्यात दोनदा नेली असती आणि मग तिच्यावर पापड वाळले असते.

‘स्वस्त.’ सामानाचा खर्च माझा कमी झाला. वेळ धरला तर मुळीच नाही. दोन हिवाळ्यांचे रविवार कुठल्या दराने लावायचे ते बायकोला विचारा. भाड्याने होड्या देणारा असेल, रोज नवशिके दगडांवर आपटवणार असतील, तर त्याने डोळे मिटून प्लॅस्टिक घ्यावं. महेश्वरच्या सहस्रधारेसारख्या खडकाळ खळाळात शिकायचं असेल तरीही. 2023 च्या खेलो इंडिया युवा स्पर्धांतली स्लॅलम (खळाळात टांगलेल्या फाटकांमधून होडी वळवत न्यायची शर्यत) तिथेच झाली. तिथे मी माझी होडी दाखवायलासुद्धा नेणार नाही. पण अशा शर्यतींतल्या अव्वल होड्या सहसा कार्बन फायबरच्या असतात, तेव्हा ‘सगळ्यात उत्तम प्लॅस्टिक’ हे तिथेही खरं ठरत नाही.

आणि काकांना फॉरवर्डमध्ये घालायला एक मुद्दा मीच देतो, त्यांच्या लेखकाला सुचला नाही म्हणून. प्लॅस्टिकची होडी जुनी झाली तरी विकली जाते. माझ्या कमरेवर दोन मुठी धरून मापलेली होडी कोण घेणार? भाच्याने बसून पाहिलं, तो अडकला. बाहेर काढायला दोघं लागलो.