‘हायवेला नेली की साफ होतो’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

गाडी वर्षाला 5000 किलोमीटरच फिरत असेल तर डिझेल परवडत नाही, असा कमी फिरणाऱ्या डिझेल गाडीच्या खर्चावर मी जो लेख लिहिला, त्यावर एका वाचकाची प्रतिक्रिया आली. ती थोडक्यात अशी: ‘लिहिण्याआधी डिझेल गाडी चालवून तरी बघा. पेट्रोलवाल्यांची वकिली चालली आहे. महिन्यातून एकदा हायवेला नेली की डीपीएफ (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर) आपोआप साफ होतो, एवढं साधं माहीत नाही. टॉर्क (इंजिनाची ओढ) आणि रीसेल याबद्दल एक शब्द नाही. आणि टायमिंग बेल्ट कुठल्या जमान्यातला? आता चेन असते.’

आधी चूक मान्य करतो. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडबंद करणारा पट्टा, बदलण्याचा खर्च मी सगळ्याच डिझेल इंजिनांना लावला होता. बऱ्याच इंजिनांत चेन असते, म्हणून ते वाक्य दुरुस्त केलं आहे. चेन आली म्हणून बेरीज उलटत नाही, कारण काजळीने आणि डिझेलने बिघडलेलं ऑइल चेनलाही झिजवतं. तरी चूक ती चूकच.

आता भाषेबद्दल. ‘वकिली’ हा शब्द मला लागला. लेखातलं एक तरी गणित खोडून काढलं असतंत तर मी आभार मानले असते. तुम्ही एकाही आकड्याला हात लावलेला नाही, थेट माझ्या हेतूवर गेलात. डिझेल गाडी मी चालवली आहे आणि तिचा डीपीएफ उतरवून हातात घेतला आहे, म्हणूनच तो लेख लिहिला. मतभेद असू देत, पण समोरच्याला काही कळतच नाही असं गृहीत धरून सुरुवात करू नका.

तुमचं महिन्यातून एकदाचं वाक्य मात्र मी सोडणार नाही. ते सगळीकडे ऐकू येतं आणि त्याच्या भरवशावर लोक गाडी घेतात.

डीपीएफमध्ये काजळी दोन तऱ्हांनी जळते. एक्झॉस्टचं तापमान साधारण 250 ते 400 अंशांवर टिकलं, तर नायट्रोजन डायऑक्साइडच्या मदतीने ती हळूहळू जळते. हे पॅसिव्ह रिजनरेशन, म्हणजे फिल्टरची आपोआप होणारी सफाई. हायवेवर ते होतं, त्याबद्दल वाद नाही. पण त्याचा वेग कमी असतो, त्यामुळे महिनाभर साठलेली काजळी तासाभरात संपेल याची खात्री नसते. दुसरं ॲक्टिव्ह रिजनरेशन. काजळी ठरलेल्या मर्यादेला पोचली की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, मुख्य इंजेक्शननंतर उशिरा थोडं जास्तीचं डिझेल सोडतो. ते कॅटॅलिस्टमध्ये जळतं आणि फिल्टरमधलं तापमान 600 अंशांच्या आसपास जातं. याला साधारण 15 ते 20 मिनिटं सलग लागतात. त्याआधी इंजिन पुरतं गरम हवं, टाकीत पुरेसं डिझेल हवं, आणि ईजीआर (एक्झॉस्टचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी यंत्रणा) किंवा प्रेशर सेन्सरचा फॉल्ट नोंदलेला नको.

म्हणजे ॲक्टिव्ह रिजनरेशनचा दिवस काजळी ठरवते, कॅलेंडर ठरवत नाही. तुमची गाडी महिन्याला 400 किलोमीटर फिरते, फेरी 6 किलोमीटरची, आणि छोट्या फेऱ्यांमुळे दर 250 किलोमीटरला मर्यादा गाठली जाते असं धरा. मंगळवारी मर्यादा आली. फेरीची पहिली आठ-दहा मिनिटं इंजिन गरम होण्यातच गेली. रिजनरेशन सुरू झालं आणि पाच मिनिटांत तुम्ही चावी फिरवली. बुधवारी पुन्हा थंड इंजिन, पुन्हा तोच प्रयत्न, पुन्हा अर्धवट. तुमचा हायवेचा रविवार तीन आठवड्यांवर आहे. तोवर गाडी रोज जास्तीचं डिझेल सोडत राहते.

आणि ते डिझेल जातं कुठे, हा खरा प्रश्न आहे. उशिराच्या इंजेक्शनच्या वेळी पिस्टन खाली आलेला असतो. डिझेलचा काही भाग सिलिंडरच्या भिंतीवर बसतो आणि रिंगांवरून खाली संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीतल्या ऑइलमध्ये उतरतो. ऑइलमध्ये पेट्रोल गेलं तर ते गरम ऑइलमधून बरंचसं उडून जातं. डिझेल सुमारे 180 अंशांच्या पुढे उकळतं, ऑइल 100च्या आसपास असतं, म्हणून ते तिथेच राहतं. डिपस्टिकवर पातळी वर चढते, ऑइल पातळ होतं, टर्बोच्या आणि क्रँकच्या बेअरिंगवरचा थर कमजोर पडतो. काही गाड्यांत यासाठी एक्झॉस्टमध्ये वेगळा इंजेक्टर दिलेला असतो, त्यांचं ऑइल यातून बरंचसं वाचतं. तुमची गाडी त्यातली आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही.

शिवाय जळते ती फक्त काजळी. ऑइलमधल्या कॅल्शियम, झिंक यांसारख्या ॲडिटिव्हची राख उरते, ती कोणत्याही हायवेवर जळत नाही. फिल्टर उतरवून धुवावा लागतो, नाहीतर बदलावा लागतो. म्हणूनच लो-सॅप्स, म्हणजे कमी राख सोडणारं, ऑइलच घाला असं मी लिहिलं होतं.

आता त्या फेरीचा हिशेब, रकमेत नाही, लिटरमध्ये, म्हणजे भावावरून भांडण नको. दोन्ही इंधनांचा भाव सारखा धरतो, तुमच्याकडे फरक असेल तर तेवढं बदलून घ्या. वर्षाला 5000 किलोमीटर. पेट्रोल गाडी लिटरला 15 देते, म्हणजे 333 लिटर. डिझेल 20 देते, म्हणजे 250 लिटर. वाचले 83. आता फिल्टरसाठी महिन्यातून 60 किलोमीटर विनाकारण चालवा, वर्षाचे 720 झाले. हायवेवर लिटरला 22 धरले तरी 33 लिटर गेले. उरले 50. डिझेल मॉडेलची जास्तीची किंमत 1000 लिटर इंधनाइतकी असेल, तर ती फिटायला 20 वर्षं लागतील. हीच गाडी वर्षाला 20,000 किलोमीटर लांब पल्ल्यावर फिरली, तर 333 लिटर वाचतात, तीन वर्षांत फरक फिटतो आणि फिल्टरसाठी वेगळी फेरीही लागत नाही. मी डिझेलच्या विरोधात नाही. मी त्या 5000च्या आकड्याच्या विरोधात आहे.

या 50 लिटरमधून अजून ऑइलची वजाबाकी झालेली नाही. गाडी कमी फिरली तरी ऑइल वर्षाला बदलायचंच, डिझेल इंजिनात ते बहुधा लिटरभर जास्त लागतं, आणि डिझेल फिल्टरमध्ये साठलेलं पाणीही काढावं लागतं.

एक गोष्ट मूळ लेखात राहिली होती. ज्या गाड्यांना युरियाचं द्रावण म्हणजे डीईएफ लागतं, त्यांत 1000 किलोमीटरला साधारण लिटरभर खपतं. टाकी 12 लिटरची असेल तर 5000च्या चालीने ती दोन वर्षांहून जास्त पुरते. पण 30 अंशांपर्यंतच्या तापमानात ते सुमारे 12 महिनेच चांगलं राहतं. तेव्हा कमी चालवणाऱ्याने टाकी भरून ठेवू नये, अर्धी पुरे.

टॉर्क आणि रीसेलबद्दल: टॉर्क छान असतो, पण लेख खर्चाचा होता. रीसेलचा भाव गावागणिक आणि नियमांगणिक बदलतो, त्यावर मी बोलणार नाही.

ज्यांच्याकडे अशी गाडी आधीच आहे त्यांच्यासाठी लिहितो, कारण तुमचा सल्ला सर्वांत जास्त त्यांनाच महागात पडेल. फेरी तारखेवर ठरवू नका. ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे आणि फॉल्ट वाचणारा, साधा रीडर लावा आणि काजळीचा आकडा बघा. तो मर्यादेजवळ आला की निघा: इंजिन गरम झाल्यावर 2000 ते 2500 आरपीएमवर, एक गिअर खाली ठेवून, सलग 20 मिनिटं. गाडी जागेवर रेस करून भागत नाही. थांबताना आयडल नेहमीपेक्षा शे-दोनशे आरपीएम वर असेल, स्टार्ट-स्टॉप काम करत नसेल किंवा गरम वास येत असेल, तर रिजनरेशन चालू आहे. चावी फिरवू नका, आणखी एक चक्कर मारा. डीपीएफच्या दिव्यासोबत इंजिनचा दिवाही लागला तर मात्र हायवे विसरा. गॅरेजमध्ये आधी फॉल्ट कोड वाचून घ्या, मग फोर्स्ड रिजनरेशन, म्हणजे मशीन लावून मुद्दाम केलेली सफाई, आणि त्यानंतर ऑइल बदला. पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्या पुढे गेलेली असेल, तर ऑइल बदलेपर्यंत गाडी चालवूच नका.

तुमच्याही गाडीला रीडर लावून दोन आकडे कळवा: गेल्या सहा महिन्यांत पूर्ण झालेली रिजनरेशन किती आणि अर्धवट तुटलेली किती. बऱ्याच गाड्यांत ते दिसतात. अर्धवटचा आकडा शून्य असेल, तर तुमच्या नावानिशी लेखात दुरुस्ती टाकतो.