एंतिएंदो होतं, मग बिएंदो का नाही?

नमस्कार, एवढं सविस्तर लिहिलंत, थँक्यू. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की मी माझ्या लेखात स्पॅनिश क्रियापदांचा बुटाचा नियम (तक्त्यात मी, तू, तो, ते एवढ्याच रूपांत स्वर बदलतो, आम्ही-तुम्हीत नाही, आणि बदलणाऱ्यांभोवती रेघ मारली की बूट दिसतो) सांगून लोकांना गंडवतोय, कारण एंतेंदेर (समजणे) चं एंतिएंदो होतं पण बेंदेर (विकणे) चं बिएंदो न होता साधं बेंदोच राहतं, त्यापेक्षा सरळ तक्ते घोका म्हणून सांगा ना.

बेंदेरचा मुद्दा शंभर टक्के मान्य, लेखात राहून गेला, चूक माझी. नुसतं क्रियापद बघून ते बदलणार की नाही ते कळत नाही. लॅटिनमध्ये एंतेंदेरचा हा ए ऱ्हस्व होता आणि बेंदेरचा दीर्घ, पुढे स्पॅनिशमध्ये जोर पडला तिथे ऱ्हस्वाचा इए झाला, दीर्घ तसाच राहिला. शुद्धलेखनात मार्क घालवलेल्यांना ऱ्हस्व-दीर्घाचा इंगा वेगळा सांगायला नको :)

पण म्हणून प्रत्येकाची सहा-सहा रूपं घोकायची? नाही पटत. कुठलं क्रियापद बदलतं ते पाठ करावं लागतं, कुठल्या रूपात बदलतं ते नाही. पोदेर (शकणे) घ्या: पुएदो, पुएदेस, पुएदे, पुएदेन, सगळीकडे जोर 'पुए'वर, आणि पोदेमोसमध्ये (आम्ही शकतो) जोर 'दे'वर सरकला की ओ परत जागेवर. आपण मूल म्हणतो पण मुलाला, मीठ पण मिठाचा, तसंच काहीसं (कारण वेगळं आहे, पण कानाला सवय आहेच की).

मला हे खरं पटलं ते ब्वेनोस आयरेसच्या एका बाईंशी व्हिडिओ कॉलवर बोलताना. त्या सारख्या 'बोस पोदेस' (बोस म्हणजे तिकडचं 'तू') म्हणायच्या, पुएदेस नाहीच, मला वाटलं माझाच तक्ता चुकला, मग नीट ऐकल्यावर लक्षात आलं की त्या शेवटच्या 'देस'वर जोर देतायत, मग आधीचा ओ बदलेल कशाला!

म्हणून मी आता क्रियापदासोबत फक्त 'यो'चं (मी) रूप लिहितो, आणि जमलं तर त्याच घरातलं नाम. प्रोबार (करून बघणे)-प्रुएबा, बोल्बेर (परत येणे)-बुएल्ता, आणि तुमचं बेंदेर-बेंता (विक्री), त्यात इए नाहीच. दरवेळी चालत नाही, पण बऱ्याचदा चालतं.

बाकी तेंगो-तिएनेस (माझ्याकडे आहे, तुझ्याकडे आहे) मध्ये यो बुटाबाहेर उभा असतो हेही खरं, पण पोंगो, साल्गो, बेंगो अशी ती 'गो'वाल्यांची टोळीच आहे, एकदम लक्षात राहते. सेर (असणे) आणि इर (जाणे) मात्र तुमच्याच पद्धतीने, घोकून. 'जाणे'चं 'गेला' का होतं ते आपण तरी कुठे कुणाला समजावतो? सोय, एरेस, एस, बोय, बास, बा हे मीपण भांडी घासताना बडबडूनच पाठ केलंय.