वॅटच्या आधी सेन्सिटिव्हिटी बघा

अ‍ॅम्प्लिफायर निवडण्यावरचा तुमचा लेख आवडला, पण त्यातलं ‘शंभर वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर घ्या, मग कुठलाही स्पीकर दणक्यात वाजेल’ हे काही पटलं नाही. आधी स्पीकरच्या माहितीपत्रकातला सेन्सिटिव्हिटीचा आकडा, म्हणजे एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो ते, बघायला हवा. आवाज ३ डेसिबलने चढवायचा तर दुप्पट ताकद लागते. म्हणजे ९० डेसिबलचा स्पीकर २० वॅटवर जेवढा वाजेल, तेवढाच ८४ डेसिबलचा वाजवायला ८० वॅट हवेत. बीबीसीने १९७०च्या दशकात प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी बनवलेला एलएस३/५ए हा स्पीकरच बघा. एवढासा डबा, सेन्सिटिव्हिटी जेमतेम ८२-८३, पण माणसाचा आवाज त्यावर ऐकत राहावा! स्पीकर चार ओहमचा (म्हणजे विजेला अडथळा कमी, अ‍ॅम्पवर भार जास्त) असेल तर तो अ‍ॅम्पला झेपेल का, हेही दुकानात विचारून घ्या.

आणि आपल्याकडच्या खोल्यांबद्दल लेखात एक ओळही नाही? खाली टाइल्स, भिंती उघड्या, स्पीकर टीव्हीच्या युनिटमध्ये कोंबलेले. मग डग्गा नुसता घुमत राहतो, बोल एकमेकांत कालवले जातात आणि शिव्या खातो बिचारा अ‍ॅम्प. स्पीकर भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ओढा, ट्वीटर (उंच स्वरांचा छोटा स्पीकर) बसल्या जागी कानाच्या उंचीवर आणा, समोर जाड सतरंजी टाका. स्पीकरला मागे पोर्ट (हवेचं भोक) असेल आणि पुढे ओढायला जागाच नसेल, तर त्यात फोमचा बोळा घालून पाहा. बेस थोडा घटतो, पण घुमणं कमी होतं.

महागड्या केबलींचं म्हणाल तर साधी जाड तांब्याची वायर पुरते. अ‍ॅम्प बदलायचा की नाही, ते यानंतर ठरवा.