‘कॉम्प्रेसर लावला की सूं सूं’ या दोन स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार दादा,

रिव्ह्यू वाचला. दोन स्टार बघून वाईट वाटलंच, पण तुम्ही काय काय झालं ते नीट लिहिलंत, त्यामुळे मलाही नीट उत्तर देता येतंय. आमच्याकडून बेस गिटारसाठी प्रीॲम्प (आवाजाचा पोत ठरवणारा) आणि कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबून सारखा करणारा) अशी दोन पेडलं घेतलीत. तक्रारी तीन : कॉम्प्रेसर लावला की सूं सूं येते, स्लॅपचा, म्हणजे अंगठ्याने तार ठोकून वाजवण्याचा, ठोका मेला, आणि ‘आधी कॉम्प्रेसर, मग प्रीॲम्प’ हे मी सांगितलेलं चूक, कारण नेटवर उलटं सांगतात. शिवाय ‘सोलापुरात बेसमधलं कुणाला कळतं, पुण्यातूनच घ्यायला हवं होतं’ हेही आहे. ते राहू द्या जरा.

आधी माझ्या चुका. पेडल वाजवून दाखवलं तेव्हा मागच्या गल्लीतले यंत्रमाग चालू होते. पूर्व भागात दुकान असल्यावर तो खडखडाट आमच्या कानांना कळेनासाच होतो. त्यात बारीक सूं कुठली ऐकू येणार? हेडफोन लावून ऐकवायला हवं होतं, नाही ऐकवलं. दुसरं, एकाच अडॅप्टरवरून दोन तोंडांची वायर काढून दोन्ही पेडलांना दिली. करंट पुरतो, पण हलक्या अडॅप्टरची शिट्टी अशा वायरीतून आवाजात घुसते. कॉम्प्रेसरला ९ व्होल्टची बॅटरी लावून बघा. शिट्टी गेली तर दोष त्या अडॅप्टरचा, म्हणजे माझा.

स्लॅपचंही माझ्याकडेच. दुकानात तुम्ही बोटांनीच वाजवलंत, मी त्यावरच अटॅक (कॉम्प्रेसरने दाबणं किती लवकर सुरू करावं ते) एकदम जलद लावून दिला आणि ‘हात लावू नका’ असंही सांगितलं. जलद अटॅक म्हणजे अंगठा तारेवर पडतो न पडतो तोच आवाज दाबला जातो. मग ठोका राहील कसा? अटॅक ३० ते ५० मिलिसेकंदांच्या आसपास न्या, ठोका निसटून पुढे जाईल आणि मागचा सूर तेवढा दाबला जाईल. रिलीज (दाबणं सुटायला लागणारा वेळ) मात्र फार जलद नको. बेसची मोकळी ई तार ४१ हर्ट्झची, तिची एक लाट पुरी व्हायला सुमारे २४ मिलिसेकंद लागतात. तुमच्या पाच तारांच्या बेसवरची बी तार ३१ हर्ट्झची, तिला ३२. रिलीज त्याहून जलद असला तर कॉम्प्रेसर सुरामागे न जाता एकेका लाटेमागे धावतो आणि खालचे सूर घोगरे होतात.

आता सूं सूं. इथे मात्र मी अडणार आहे.

तुम्ही टाकलेल्या फोटोत प्रीॲम्प आधी आहे आणि कॉम्प्रेसर नंतर. ड्राइव्हचा (आवाज फोडून खरखरीत करणारा) नॉब घड्याळातल्या तीनच्या जागी, ट्रेबलचाही (वरच्या सुरांचा) तिथेच. कॉम्प्रेसर स्वतः फार सूं करत नाही, आधी असलेली उघडी पाडतो. दाबण्याचं प्रमाण ४:१ वर ठेवलं तर ठरवलेल्या रेषेच्या ८ डेसिबल वर गेलेला आवाज २ डेसिबलच वर राहतो. असं दाबल्यामुळे एकूण आवाज पडतो, म्हणून आपण लेव्हल वाढवतो. सूर चालू असतो तोवर सूं त्याखाली झाकलेली असते. तुम्ही हात उचललात की दाबणं सुटतं आणि वाढवलेली ती लेव्हल एकट्या सूंच्या वाट्याला येते. १० डेसिबल वाढवले असतील तर व्होल्टेजच्या हिशेबात ती तिपटीहून मोठी झाली. त्यात ड्राइव्ह स्वतःच आवाज दाबतो. इतका चढवलेला ड्राइव्ह आधी असला की मागच्या कॉम्प्रेसरला सूं वाढवण्यापलीकडे फारसं काम उरत नाही.

कॉम्प्रेसर आधी लावलात तरी सूं शून्य होणार नाही, हेही सांगतो. त्याची स्वतःची थोडी असते आणि प्रीॲम्प ती वाढवतो. म्हणून त्याची लेव्हल एवढीच ठेवा, की पेडल चालू-बंद केलं तरी वाजवताना आवाज सारखाच वाटेल.

पण मी आधी लावायला सांगितलं त्याचं मोठं कारण वेगळंच, आणि तेच दुकानात बोलायचं राहिलं. तुमच्या प्रीॲम्पला मागे एक्सएलआर आउट (थेट मिक्सरला जोडायची तीन पिनांची जागा) आहे. मंडपात साउंडवाल्याने मिक्सरला जोडलेली वायर तीच, आणि कॉम्प्रेसर मात्र साध्या जॅकवर, स्टेजवरच्या ॲम्पच्या वाटेत होता. म्हणजे लोकांनी स्पीकरमधून ऐकलेला बेस कॉम्प्रेसरमधून गेलाच नव्हता! तुमच्या पायाशी दाबलेला, समोर मोकळा. ‘स्टेजवर दबलेला आणि मंडपात एक सूर फुटतोय, एक गायब’ हे तुम्हीच लिहिलंय, त्याचं उत्तर बहुतेक इथेच आहे. कॉम्प्रेसर आधी असता तर दोन्हीकडे एकच बेस गेला असता.

नेटवरचे लोक खोटं बोलत नाहीत, फक्त ते बहुधा स्टुडिओतल्या प्रीॲम्पबद्दल बोलत असतात. तिथला प्रीॲम्प माइकचा किंवा गिटारचा अशक्त सिग्नल उचलून लाइन लेव्हलला, म्हणजे स्टुडिओतल्या यंत्रांना लागणाऱ्या ताकदीला, आणतो आणि कॉम्प्रेसर त्यापुढेच बसतो. १९६७ साली आलेला ११७६ हा स्टुडिओतला कॉम्प्रेसर घ्या, तो लाइन लेव्हलवरच चालतो. तुमच्या पेडलचं काम टोन आणि ड्राइव्ह. नाव एक, धंदा वेगळा. ड्राइव्ह अगदी कमी ठेवून बेसचा नॉब चढवलात आणि एखादा सूर घुमायला लागला, तर कॉम्प्रेसर नंतर लावणं बरं पडतं, पण मग मिक्सरची लाइनही त्याच्या पुढून काढावी लागते.

पुण्याचं म्हणाल तर ही जोडणी तिथून घेतली असतीत तरी सूं सूं आलीच असती. सोबत शेंगा चटणी मिळाली नसती एवढंच.

आता देणंघेणं. दोन पेडलांना वेगवेगळा, एकमेकांपासून तोडलेला सप्लाय देणारा पॉवर बॉक्स मी माझ्या खर्चाने देतो. तो लावूनही पटलं नाही तर कॉम्प्रेसर परत घेईन, पूर्ण पैशात, खोक्यावर ओरखडे असले तरी. स्टार तुमचे, ते बदला असं म्हणणार नाही. संध्याकाळी सातनंतर या, तेव्हा शेजारचे माग बंद असतात. येताना बेस आणि मंडपात वापरलेली ती एक्सएलआर वायर घेऊन या. छोटा मिक्सर आणि हेडफोन काउंटरवर काढून ठेवतो.