कांद्यांचं बाळंतपण

आमच्या गुहागरात थंडी पडली म्हणजे पहाटे पंखा एकवर करायचा, बस्स. अशा गावात मला डॅफोडिल, म्हणजे थंड मुलखातली कांद्यातून उगवणारी फुलं, फुलवायची हुक्की आली. दहा कांदे मागवले आणि पैसे भरून झाल्यावर माहिती वाचली (आमच्या घराण्याची रीतच ती). कांद्याला बारा ते सोळा आठवडे नऊ अंशांखालचा गारवा हवा, नाहीतर फूल धरत नाही. एवढा गारवा गावात एकाच ठिकाणी, आईच्या फ्रिजमध्ये.

"माळ्यावर टांगलेत ते कांदे कमी पडले?" आई म्हणाली. मी पिशवीवर लाल पेनानं 'विषारी' लिहिलं. खोटं नव्हतं, त्यात लायकोरिन असतं, पोटात गेलं की ओकाऱ्या. तेव्हापासून आई मासळीची पिशवीसुद्धा वरच्या कप्प्यात ठेवू लागली.

मग गणपती आले, आणि मुंबईहून चौदा माणसं. फ्रिजमध्ये खोबऱ्याचा चव, दुधाच्या पिशव्या आणि नेमकी पूजेची सफरचंदं! पिकती फळं इथिलीन वायू सोडतात, त्यानं कांद्यातली कळी आतल्या आत मरते. मी सफरचंदं बाहेर काढायचो, मामी आत ठेवायची. विसर्जनापर्यंत आमचं हेच चाललं. लाइट गेली की फ्रिज उघडायला बंदी. काकांनी दोन तास थंड पाण्यावाचून काढले, ते अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.

डिसेंबरात लावणी. जांभ्या दगडाच्या जमिनीत पंधरा सेंटिमीटर खोल जायचं म्हणजे पहारच हवी, म्हणून कुंड्या, आणि पाणी साचून कुजू नयेत म्हणून भरपूर वाळू. पात तरारली. शेजारच्या काकू गडग्यावरून म्हणाल्या, "पात झकास आलीय हो, झुणक्यापुरती नेते." मी अनवाणी धावलो.

नऊ कुंड्यांत नुसती पात. दहावीत मात्र पेन्सिलीएवढी कळी, कागदी वेष्टणात. तीन दिवस मी खुर्ची टाकून बसलो. चौथ्या दिवशी दुपारच्या उन्हानं ती वाळली. चोळून पाहिली तर चहाची भुकटी. त्याच संध्याकाळी माकडं आली. पपई, जास्वंद, नारळाची बोंडं, काही न सोडणारी जात. एकानं कांदा उपटला, हुंगला आणि माझ्या दिशेनं भिरकावला.

पात पिवळी होईपर्यंत कापायची नाही, तिच्यावरच कांदा पुढच्या वर्षासाठी पोसतो, असं मी आईला सांगितलं. ती विळीवर बांगडे साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "गणपतीत सफरचंदं कुठे ठेवू, तेवढं आत्ताच सांग."