बुकिंगचा आकडा म्हणजे कमाई नव्हे

सगळीकडे फिरतंय की बुकिंग होल्डिंग्जची (Booking.com ची मूळ कंपनी) वर्षाची 'विक्री' 150 अब्ज डॉलर आहे म्हणून शेअर फुकटात मिळतोय, तर प्लीज हे पुढे पाठवू नका, 2023 मधला तो आकडा ग्रॉस बुकिंगचा आहे, म्हणजे लोकांनी हॉटेल, विमान वगैरेसाठी मोजलेले पूर्ण पैसे, त्यातले बरेचसे हॉटेलवाल्यांचेच, कंपनीचा महसूल साधारण 21 अब्ज. फेअर व्हॅल्यू, म्हणजे शेअरची रास्त किंमत, काढायची तर महसूल आणि फ्री कॅश फ्लोवरून (खर्च आणि गुंतवणूक वजा जाता हातात उरणारी रोकड) काढा.

आणि कॅश फ्लोतही गोम आहे, ग्राहक आधी पैसे भरतात, हॉटेलला ते नंतर मिळतात, त्यामुळे वाढीच्या काळात तो फुगलेला दिसतो. 2020 ला बुकिंगं रद्द झाली तेव्हा एक्सपीडियाचा (अशीच दुसरी ट्रॅव्हल बुकिंग कंपनी) कॅश फ्लो सरळ उणे झाला होता.